मदत हवी आहे: मदुराईच्या डबीतली तीन रोमन नाणी, राजा कोणता?

नमस्कार मंडळी,
आजोबा रेल्वेच्या नोकरीत मदुराईला होते. तिथल्या बाजारात घेतलेल्या नाण्यांची डबी आता माझ्याकडे आली आहे. चोळ-पांड्य वाटली ती बाजूला काढली. उरलेल्यांतली तीन रोमन आहेत, चौथ्या शतकातली तांब्या-काशाची चिल्लर. आई पितांबरी घेऊन निघाली होती, तिला थोपवून फोटो काढलेत.

१) 16 मिमी, दीड ग्रॅम. मागे दोन सैनिक, मध्ये निशाण. खाली एस-एम-ए-एन, म्हणजे अँटिऑक शहराची टांकसाळ. चेहऱ्याच्या बाजूवरच्या अक्षरांचा (लेखाचा) शेवट एन-ओ-बी-सी, म्हणजे हा सम्राट नाही, सीझर (सम्राटाच्या हाताखालचा सहशासक). पण कोणता? कॉन्स्टंटाइनच्या मुलांची नावे कॉन्स्टंटिनुस, कॉन्स्टंटियुस आणि कॉन्स्टन्स. घरात एकाला हाक मारली की तिघेही येत असतील!

२) 17 मिमी. घोड्यावरून कोसळणाऱ्याला सैनिक भाला खुपसतोय, म्हणजे 348 नंतरचा 'फेल टेम्प रेपॅरॅटिओ' ('सुखाचे दिवस परतले' अशा लॅटिन लेखाचा) छाप. पुढच्या चेहऱ्याच्या डोक्यावर ना मुकुट ना पट्टी. नाव पार झिजलंय.

३) 13 मिमी, जेमतेम एक ग्रॅम. विजयादेवी कैद्याला ओढत नेतेय. नावाचा शेवट आय-व्ही-एस.

---

प्रतिसाद, जुना_पैसा:
पहिल्यात निशाणे एक की दोन ते आधी सांगा. दोन असतील तर 330 ते 335, आणि ती नाणी वजनाला जड असतात. तुमचे दीड ग्रॅम आहे, त्यामुळे एकच असावे. मग काळ फार आवळला जातो: एक निशाण 335 पासून आले आणि सप्टेंबर 337 मध्ये तिन्ही भाऊ सम्राट झाले. त्यानंतर एन-ओ-बी-सी गेले. त्या अक्षरांआधी आय-व्ही-एन दिसतेय का बघा. दिसले तर थोरला कॉन्स्टंटिनुस. लेख एफ-एल ने सुरू होत असेल तर बाकीच्या दोघांपैकी एक, किंवा कॉन्स्टंटाइनचा पुतण्या डेल्मेशियस. त्यालाही 335 मध्येच सीझर केले होते.

दुसऱ्यात उघडे डोके हीच किल्ली. या छापात असे दिसणारे दोघे, सम्राट कॉन्स्टंटियुसचे चुलत भाऊ आणि सीझर: गॅलस (351-354) आणि त्यानंतरचा ज्युलियन. गॅलसने कॉन्स्टंटियुस हेच नाव घेतल्याने गोंधळ होतो. नाण्यावर एल-आय-ए-एन असा तुकडा सापडला तर ज्युलियन.

तिसऱ्याचा छाप 388 नंतरचा. थिओडोसियस, आर्केडियस, होनोरियस, तिघांचाही शेवट तोच, म्हणून शेवटावरून काही ठरणार नाही. सुरुवातीची अक्षरे वाचावी लागतील. मदुराई, करूरच्या अमरावती नदीचे पात्र, श्रीलंका, सगळीकडे असल्या बारक्या नाण्यांचा खच सापडतो, तेव्हा आजोबांची खरेदी पटण्याजोगी आहे.

---

प्रतिसाद, धागाकर्ता:
मनापासून आभार. निशाण एकच आहे! बॅटरी बाजूने तिरकी धरल्यावर एन-ओ-बी-सी च्या आधी आय आणि व्ही दिसले, पुढचे अक्षर थराखाली आहे.

तिसऱ्याच्या कडेला फिक्या हिरव्या पिठासारखे ठिपके आहेत, टाचणी लागली की भुकटी पडते. काळपट-हिरव्या कडक थराला मी हात लावणार नाही, पण हे पसरणारे दिसते.

---

प्रतिसाद, जुना_पैसा:
नुसत्या आय-व्ही वरून ठरत नाही: थराखाली एन असेल तर थोरला, एस असेल तर कॉन्स्टंटियुस किंवा डेल्मेशियस. भुकटी म्हणजे क्लोराइडची कीड, क्षारामुळे पसरत जाणारा गंज. ते नाणे आधी इतरांपासून वेगळे ठेवा. चिंच, लिंबू, पितांबरी काही नको. डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, पाणी बदलत राहा, सुटेल तेवढेच लाकडी टूथपिकने काढा आणि पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डबीत ठेवा.