मदत हवी आहे : वॉर्डातील रुग्णाची प्रकृती खालावल्याचे वेळीच ओळखण्याविषयीच्या अभ्यासाची आखणी

नमस्कार. मी वैद्यकीय-शल्य परिचर्या या विषयात एम.एस्सी. नर्सिंग करत आहे. प्रबंधासाठी आमच्या रुग्णालयातील मेडिसिनच्या दोन वॉर्डांमध्ये, एका पुरुष व एका स्त्री वॉर्डात, ‘न्यूज-२’ ही गुणांकन पद्धत वापरून पाहण्याचा विचार आहे. आराखडा एथिक्स कमिटीपुढे जाण्यापूर्वी काही शंका मिटवायच्या आहेत. संशोधनपद्धती किंवा जैवसांख्यिकी जाणणाऱ्या सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

ज्यांना ही पद्धत परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने ती २०१२ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये सुधारली. श्वसनाचा वेग, रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धीची पातळी आणि तापमान या नोंदींना ठरलेल्या कोष्टकानुसार गुण द्यायचे आणि रुग्णाला ऑक्सिजन लावलेला असेल तर आणखी २ गुण मिळवायचे. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहावे, ७ किंवा त्याहून अधिक झाली की अतिदक्षतेचे कौशल्य असलेल्या पथकाला बोलवावे, असा संकेत आहे. ‘अचानक गेला’ असे आपण ज्यांच्याविषयी म्हणतो त्यांतील अनेकांच्या नोंदी काही तास आधीपासून बिघडत आलेल्या असतात, हे या पद्धतीमागचे कारण आहे.

माझी सर्वांत मोठी अडचण जुन्या नोंदींची आहे. पद्धत लागू करण्यापूर्वीच्या तीन महिन्यांचे केसपेपर काढून त्यांवरून गुण मोजावेत आणि नंतरच्या तीन महिन्यांशी त्यांची तुलना करावी, असे मूळ आराखड्यात आहे. परंतु जुने टीपीआर चार्ट (तापमान, नाडी व श्वसनाच्या नोंदींचे तक्ते) चाळताना श्वसनाच्या रकान्यात ओळीने १८ किंवा २० हेच आकडे दिसतात. भरलेल्या वॉर्डात रात्रपाळीच्या सिस्टरला प्रत्येकाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजणे शक्य होत नाही. यात तिला दोष देण्याचा हेतू नाही. मात्र न्यूज-२ मध्ये १२ ते २० या वेगाला शून्य गुण आहेत, २१ ते २४ ला २ आणि २५ पासून पुढे ३. म्हणजे २६ च्या वेगाने धापा टाकणाऱ्या रुग्णापुढे २० लिहिले गेले असेल, तर त्याचे ३ गुण जागीच नाहीसे होतात. प्रशिक्षणानंतर श्वास खरोखर मोजला जाऊ लागला की गुण वाढतील आणि माझ्या अभ्यासामुळे रुग्ण अधिक आजारी झाले, असा विपरीत निष्कर्ष निघेल. ही चूक कशी टाळावी?

दुसरी शंका निष्पत्तीची, म्हणजे परिणाम कशावरून मोजावा याची आहे. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की मृत्यूचे प्रमाण हीच मुख्य निष्पत्ती ठेवावी. मला ते पटत नाही, कारण ऑस्ट्रेलियातील २३ रुग्णालयांत झालेल्या ‘मेरिट’ चाचणीतही (२००५) प्रकृती खालावलेल्या रुग्णासाठी बोलवायच्या तातडीच्या पथकामुळे हृदयक्रिया बंद पडणे, अनियोजित आयसीयू भरती आणि अनपेक्षित मृत्यू यांत लक्षणीय घट दिसली नव्हती. बालरोग विभागांसाठीच्या अशाच पद्धतीची ‘इपॉक’ चाचणी (२०१८) २१ रुग्णालयांत झाली, तिच्यातही मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. तेथे जे जमले नाही ते दोन वॉर्डांत काय दिसणार?

शिवाय एका वॉर्डात पद्धत वापरून दुसरा तुलनेसाठी ठेवणे योग्य ठरेल का, आणि प्रत्येक रुग्णाची लेखी संमती घ्यावी लागेल का, हेही कळवावे.

प्रतिसाद :

ताई, शंका रास्त आहेत. मी सामुदायिक वैद्यक विभागात शिकवतो, त्यामुळे आखणीपुरतेच लिहितो.

दोन वॉर्डांची आपसांत तुलना करू नये. रुग्ण शेकड्यांनी असले तरी प्रत्येक बाजूला वॉर्ड एकच असल्यामुळे दिसलेला फरक पद्धतीमुळे आहे की पुरुष आणि स्त्री वॉर्डांतील रुग्ण, सिस्टर व रेसिडेंट मुळातच वेगळे असल्यामुळे, हे कोणतेही सॉफ्टवेअर सांगू शकणार नाही. नुसती आधी-नंतरची तुलनाही फसवी आहे, विशेषतः आपल्याकडे. ‘आधी’चे महिने उन्हाळ्यात आणि ‘नंतर’चे पावसाळ्यात आले, तर डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णांनी वॉर्ड भरेल व आकडे त्यामुळेच हलतील. दोन्ही वॉर्डांत दर आठवड्याची नोंद ठेवून खंडित कालमालिकेच्या पद्धतीने, म्हणजे बदलाच्या आधीचा आणि नंतरचा आठवड्यागणिक कल ताडून, विश्लेषण करावे. आधी आणि नंतर किमान बारा-बारा आठवडे मिळाले तर उत्तम. नवे रेसिडेंट रुजू होण्याचा काळ मधोमध येणार नाही, हे मात्र पाहावे.

जुन्या चार्टांवरून गुण मोजण्याचा विचार सोडून द्यावा. पहिले बारा आठवडे प्रशिक्षित निरीक्षकाने रोज चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही रुग्णांचा श्वास स्वतः घड्याळ लावून मोजावा आणि हेच पुढेही चालू ठेवावे. म्हणजे मोजपट्टी दोन्ही काळांत एकच राहील आणि चार्टावरचा आकडा व निरीक्षकाचा आकडा यांतील अंतर हीच एक निष्पत्ती होईल. फक्त एक पथ्य पाळावे : निरीक्षकाला धोक्याचे आकडे दिसले, तर ते कोणत्याही काळात त्याच क्षणी ड्युटीवरील डॉक्टरांना कळलेच पाहिजेत.

मृत्यूंविषयी आपण बरोबर आहात. ‘मेरिट’मध्ये निकष पूर्ण होऊनही अनेक रुग्णांसाठी पथकाला बोलावलेच गेले नव्हते, म्हणून दुवा जिथे तुटतो तिथेच मोजावे. सहाही नोंदी पूर्ण असलेल्या चार्टांचे प्रमाण आणि गुण ५ झाल्यापासून डॉक्टर खाटेपाशी पोहोचेपर्यंत लागलेली मिनिटे या दोन मुख्य निष्पत्ती पुरेत. दुसरीसाठी बोलावल्याची आणि आल्याची अशा दोन्ही वेळा सिस्टरनेच लिहाव्यात. पण त्या वेळांवरून कोणाला मेमो निघणार नाही, हे मेट्रन मॅडमकडून आधी लेखी घ्यावे. अन्यथा सगळे चार्ट सुबक भरलेले मिळतील आणि अभ्यास तिथेच संपेल.

संमतीबाबत निर्णय एथिक्स कमिटीचा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अत्यल्प जोखमीच्या अभ्यासात कमिटी संमतीतून सूट देऊ शकते. ‘ही तर गुणवत्ता सुधारणा आहे’ असे म्हणून परवानगीच टाळू नये. मिशिगनच्या आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइनचा (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचा) संसर्ग घटवणाऱ्या चेकलिस्टच्या गाजलेल्या कामावरही २००७ मध्ये अमेरिकी नियामकांनी संमतीच्या मुद्द्यावर हरकत घेतली होती. पुढे २००८ मध्ये ती भूमिका सैल झाली. सीटीआरआयवर (भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच करावी.

धागाकर्ती :

सर, मनःपूर्वक आभार. कालमालिकेचा आराखडा मार्गदर्शकांपुढे ठेवते.

आणखी एक विचारायचे राहिले. आमच्या वॉर्डात रुग्णाजवळ सतत असतो तो नातेवाईक, आणि ‘सिस्टर, बाबा काहीतरी वेगळंच बोलताहेत’ हे प्रथम तोच येऊन सांगतो. न्यूज-२ मध्ये नव्याने झालेल्या गोंधळाला ३ गुण आहेत, पण तो ओळखायला आधीचा माणूस ठाऊक असावा लागतो. इंग्लंडमध्ये २०२४ पासून ‘मार्थाज् रूल’खाली कुटुंबीयांना स्वतः तातडीचे परीक्षण मागता येते. आमच्या चार्टात ‘नातेवाईकांनी चिंता व्यक्त केली’ असा रकाना घातला, तर मूळ पद्धतीत बदल केल्याचा आक्षेप येईल का, की गुणांत न धरता तो वेगळा नोंदवावा?