मदत हवी आहे: चार पिढ्या एकत्र, दुपारी काय करावं?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही नातेवाईक तीन दिवस एकत्र राहणार आहोत. एकूण ३२ जण, सगळ्यात धाकटा ४ वर्षांचा आणि आजी ८४ची. सकाळ-संध्याकाळ मजेत जाते, अडतं ते ११ ते ४. बाहेर कडक ऊन, आत एकच मोठी खोली.

मागच्या वेळी गाण्यांचा खेळ ठेवला होता. आजी श्रवणयंत्र लावते. दहा जण एकदम बोलायला लागले की यंत्र गोंगाटही मोठा करतं आणि समोरच्याचे शब्द त्यात हरवतात. तासाभरात तिने यंत्र काढून रुमालात गुंडाळलं आणि नुसती हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिली. मला ते बघवलं नाही.

पत्ते करून पाहिले, पण पाच-सहा जणच खेळतात आणि मुलं कंटाळतात. मोबाइलवरचे जुने फोटो आजीला नीट दिसत नाहीत. तिघांना जमिनीवर बसता येत नाही. तिथे इंटरनेटही नाही. खोल्या वाढवणं शक्य नाही, खर्चही फार नको.

एका वेळी एकच जण बोलेल, आजीला खरोखर भाग घेता येईल आणि लहान मुलंही तासभर रमतील, असं तुमच्याकडे काय जमलं आहे?