छोट्या रस्ते ठेकेदाराने डिजिटलमध्ये आधी पैसे कुठे घालावेत? (नाशिक)

पेठरोड_पोकलेन

मंडळी, सल्ला हवाय. वडिलांची फर्म आहे. पीडब्ल्यूडी आणि जिल्हा परिषदेची रस्त्यांची, मोऱ्यांची कामं करतो. दिंडोरी, पेठ, सुरगाणा हा आमचा पट्टा. २०२७ च्या सिंहस्थामुळे कामं निघालीत भरपूर, पण मोठी पॅकेजं बाहेरच्या कंपन्या उचलतात आणि आम्ही त्यांच्या हाताखाली. त्यांना रोजची प्रगती ॲपवर हवी, जीपीएसचा शिक्का असलेले फोटो हवेत, लेव्हल्स (जमिनीच्या उंचीचे आकडे) एक्सेलमध्ये हव्यात. आमच्याकडे ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण), वही आणि मुकादमाचं डोकं. त्यात एका विक्रेत्याने ड्रोन, सॉफ्टवेअर आणि वर्षाची वर्गणी असं सगळं एकत्र गळ्यात मारायचा घाट घातलाय. बजेट साडेतीन लाखांच्या आत. ड्रोन, रोव्हर (मोजणीचा अचूक जीपीएस) की ईआरपी (सगळ्या कारभाराचं सॉफ्टवेअर)? वडिलांना पटवायचंय, त्यामुळे कारणासकट सांगा.

जुना_एमबीवाला

विभागात आयुष्य गेलं, म्हणून बिलाच्या बाजूने सांगतो. मातीकामाचं बिल निघतं ते सुरुवातीच्या संयुक्त लेव्हल्सवर. काम सुरू व्हायच्या आधी शाखा अभियंत्यासोबत ओजीएल (मूळ जमिनीच्या लेव्हल्स) घेतल्या आणि दोघांच्या सह्या झाल्या की पुढचं भांडण मिटतं. ती सही नसेल तर तुमच्या ड्रोनचा रंगीत नकाशा कोणी बघणार नाही.

आणि ड्रोन कॅमेऱ्याला दिसतं तेच मोजतो. पावसाळ्यानंतर पेठ-सुरगाण्यात कंबरेएवढं गवत असतं, भातखाचरं उभी असतात. फोटोवरून काढलेली लेव्हल गवताच्या शेंड्याची येते, जमिनीची नाही. उन्हाळ्यात, साफसफाई केल्यावर, किंवा खाणीत आणि खडीच्या ढिगावर ड्रोन उत्तम. सरसकट नाही.

पेठरोड_पोकलेन

साहेब, म्हणजे रोव्हर घ्यावा का?

जुना_एमबीवाला

आधी भाड्याने घेऊन बघा. सर्वे ऑफ इंडियाचं कॉर्सचं, म्हणजे कायम चालू असलेल्या जीपीएस केंद्रांचं, जाळं महाराष्ट्रात चालू आहे. नोंदणी केली की स्वतःचा बेस (साइटवरचा स्थिर जीपीएस) न लावता नुसत्या रोव्हरवर काही सेंटिमीटरची अचूकता मिळते. पण त्याला मोबाइल इंटरनेट लागतं. घाटात रेंज गेली की रोव्हर हातातली काठी. त्या भागासाठी रेडिओवाला बेस-रोव्हर जोडच हवा.

एक गोष्ट पोरांना आधीच शिकवा. जीपीएस उंची देतो ती पृथ्वीच्या कल्पित लंबगोलावरची. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीशी आपल्याकडे तिचा फरक ५० मीटरपेक्षा जास्त आहे. साइटवर गेल्या गेल्या विभागाच्या टीबीएमवर (उंची ठरलेल्या खुणेवर) रोव्हर टेकवून मेळ घाला, मगच पुढे. हे न करता काढलेले क्रॉस सेक्शन (रस्त्याचे आडवे छेद) दिसायला सुबक असतात आणि बिलात उपयोग शून्य. मोरीच्या तळाच्या लेव्हलला मात्र ऑटो लेव्हलच लावा, तिथे मिलिमीटरचा हिशेब असतो. जुनं यंत्र विकू नका.

कोऑर्डिनेटर_ताई

मी दुसऱ्या बाजूला बसते, सबकॉन्ट्रॅक्ट देणाऱ्या कंपनीत. एनएचएआयने (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने) २०२१ पासून महामार्गाच्या कामांचं दर महिन्याला ड्रोन चित्रीकरण सक्तीचं केलं, कागदपत्रंही त्यांच्या डेटा लेक या ऑनलाइन पोर्टलवर जातात. हा दट्ट्या वरून खाली येतो, म्हणून आम्ही तुमच्या मागे लागतो. आमची हौस नाही हो ती.

खरं सांगू? सबकॉन्ट्रॅक्टरकडे ड्रोन आहे का, हे मी कधी विचारत नाही. संध्याकाळी साखळी क्रमांकासकट (रस्त्यावरच्या अंतरासकट) चार ओळी आणि फोटो येतात का, एवढंच बघते. 'साखळी ३/२०० ते ३/४००, जीएसबी दुसरा थर, रोलिंग झालं, टेस्ट बाकी.' (जीएसबी म्हणजे रस्त्याच्या पायाचा खडी-मुरमाचा थर.) हे रोज वेळेवर पाठवणाऱ्याला पुढचं काम मिळतं. फुकटचं जीपीएस कॅमेरा ॲप आणि शेअर केलेली एक गुगल शीट पुरते. ईआरपीचा तर विचारही नको. ती भरायला ऑफिसात वेगळा माणूस लागेल आणि मुकादम तिकडे ढुंकूनही बघणार नाही. मुकादमाला मराठीत बोलून टाइप करायला शिकवा, फोनच्या कीबोर्डवर माइक असतोच.

टिपरवाला_सिन्नर

सगळे लेव्हलवर बोलतायत, पैसा गळतो डिझेलमध्ये. मुरूम-खडी वाहायला टिपरला जीपीएस आणि सरकारच्या महाखनिज पोर्टलची ई-टीपी (वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागतेच. म्हणजे यंत्र आधीच गाडीत बसलंय, फक्त रिपोर्ट कोणी उघडत नाही. खेपा, किलोमीटर आणि पंपाची पावती शेजारी शेजारी ठेवा. जेसीबी नवीन असेल तर लाइव्हलिंक (जेसीबीची स्वतःची ट्रॅकिंग सोय) तपासा, इंजिन किती तास नुसतं धुगधुगत उभं होतं ते दिसतं. खडी ब्रासवर (घनफळाने) घेता की टनावर? ब्रासवर घेत असाल तर अधूनमधून वजनकाट्यावर गाडी घालाच.

ड्रोनप्रेमी_गंगापूर

ड्रोनला एवढं झोडपू नका. सबकॉन्ट्रॅक्टरला पेमेंटच्या वादात तारखेसकट वरून काढलेलं चित्रीकरण फार कामी येतं. खडीचा ढीग मोजायला दिवस जात नाही. वेबओडीएम (ड्रोनच्या फोटोंवरून नकाशा बनवणारं) आणि क्यूजीआयएस (नकाशावर काम करायचं) ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, विक्रेत्याच्या वर्गणीची गरज नाही, बरा संगणक पाहिजे. फक्त जमिनीवर नियंत्रण बिंदू (आधी मोजलेल्या खुणा) मारा, नाहीतर आकडा भरकटतो.

पण ड्रोन विकत घेऊ नका. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार धंद्यासाठी उडवायचं तर २५० ग्रॅमच्या वरच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक आणि पायलटचं प्रमाणपत्र लागतं. नाशिकात तर ओझरचा विमानतळ, देवळालीची छावणी, गांधीनगरचं लष्करी हवाई केंद्र. सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर झोन बघितल्याशिवाय बॅगेतूनही काढू नये. प्रमाणपत्रवाला माणूस दिवसाच्या बोलीवर आणा.

जुना_एमबीवाला

वादात चित्रीकरण कामी येतं, हे मान्य. बिलात नाही.

पेठरोड_पोकलेन

सगळ्यांचे आभार. वडिलांना धागा वाचून दाखवला. डिझेलच्या प्रतिसादावर ते लगेच सरसावून बसले, टिपरचा रिपोर्ट उद्याच काढ म्हणाले. विक्रेत्याला नाही कळवतो. आधी शीट आणि फोटो, दिवाळीनंतरच्या कामाला रेडिओवाला जोड भाड्याने. आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड झालेला मुलगा ठेवायचा विचार आहे. त्याला आधी काय करायला लावू?

जुना_एमबीवाला

पहिला आठवडा रोव्हर हातात देऊ नका. ऑटो लेव्हलने टीबीएमपासून निघून परत टीबीएमवर यायला लावा आणि क्लोजिंग एरर (परत आल्यावर उंचीत पडलेला फरक) रोज लिहून मागा.

कोऑर्डिनेटर_ताई

आणि शीट त्याच्या नाही, मुकादमाच्या फोनवर ठेवा. मुलगा वर्षात दुसरीकडे जाईल.