मदत हवी आहे : भरलेलं डकोटा झोजीला ओलांडेना

मंडळी, सिम्युलेटर (संगणकावरचं विमान) उडवणारं कुणी असेल तर जरा बघा. तीन रविवार झाले, मी सोनमर्गच्या पुढे त्याच एका उतारावर आपटतोय. बायकोने आता विचारणंही सोडलंय.

खूळ असं आहे. 24 मे 1948 ला एअर कमोडोर मेहर सिंग जनरल थिमय्यांना घेऊन डकोटाने, म्हणजे दोन इंजिनांच्या मालवाहू विमानाने, लेहला उतरले. कच्ची धावपट्टी, आणि विमानात हवेचा दाब राखायची सोयच नाही. मला श्रीनगर, सोनमर्ग, झोजीला खिंड, द्रास, कारगिल, लेह असं जायचंय. रिकामं विमान पहिल्याच खेपेला गेलं, त्यात काही मजा नाही. म्हणून आता एकूण वजन 12,200 किलो ठेवलंय आणि हवामान जूनमधल्या दुपारचं, श्रीनगरला 30 अंश.

उड्डाण होतं, जरा रडतखडत. मग सरळ सिंध नाल्याची दरी धरतो (ही काश्मीरची सिंध, आपली सिंधू नव्हे). आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) 2050, थ्रॉटल पूर्ण पुढे, काउल फ्लॅप्स (इंजिन थंड ठेवणाऱ्या झडपा) उघडे. अकरा हजार फुटांपर्यंत ठीक. बारा हजारांच्या आसपास मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) 27 इंचांवर येतं आणि क्लाइंबचा (चढण्याच्या वेगाचा) काटा शून्याला चिकटतो. समोर खिंडीचा नागमोडी रस्ता काचेत वर वर सरकत येतो. नाक उचललं की वेग 90 वरून 80 नॉट. घाबरून मागे वळायला जातो, डावा पंख गळतो (त्याची उचलच संपते) आणि खेळ खलास.

खिंड साडेअकरा हजार फुटांची, डकोटा चोवीस हजारांपर्यंत जातं असं वाचलंय. मग माझंच काय चुकतंय?

प्रतिसाद 1 :
चोवीस हजार विसरा, तो आकडा तुमच्या वजनाचा आणि तुमच्या दुपारचा नाही. 30 अंशांना हवा विरळ होते, मग श्रीनगरची 5,400 फूट उंचीवरची धावपट्टी इंजिनाला आणि पंखांना साडेआठ हजार फुटांवरची वाटते. रडतखडत उडालात ते त्यामुळेच.

खरी चूक आरपीएमची. या इंजिनाचा सुपरचार्जर (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) गिअरने क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला जोडलेला असतो. आरपीएम कमी ठेवलेत की तोही हळू फिरतो, मग थ्रॉटल कितीही ढकला. चढताना 2550 ठेवा, मिक्स्चर ऑटो रिच (हवेत इंधन जास्त). काउल फ्लॅप्स ट्रेलवर (जेमतेम उघडे) आणा, उघडे ठेवले की ब्रेक लावून चढल्यासारखं होतं. फक्त सिलिंडरच्या तापमानावर डोळा ठेवा. आणि वेग 105 च्या खाली जाऊ देऊ नका. नाक उचलून उंची मिळत नाही, असलेला वेगही जातो.

प्रतिसाद 2 :
वरचं सगळं बरोबर, पण मुळात दरीत शिरायची घाई का? श्रीनगरहून खिंड हवेतून सत्तरेक किलोमीटर, म्हणजे वीस-बावीस मिनिटं. तेवढ्यात दहा हजार फूट चढायचं तर मिनिटाला साडेचारशे फूट सतत हवेत. भरलेलं डकोटा वर गेल्यावर ते देणार नाही. वुलर सरोवरावर घिरट्या घालत सोळा हजार गाठा, मगच पूर्वेला नाक करा. काश्मीर खोरं त्यासाठी पुरेसं ऐसपैस आहे.

दरीत जायचंच असेल तर मधून नको, एका कडेने जा, म्हणजे वळायला अख्खी रुंदी मिळते. बारा-चौदा हजारांवर हवा विरळ, त्यामुळे वेगाच्या काट्यावर तोच आकडा दिसला तरी खरा वेग पाव पट जास्त असतो, त्यामुळे वळण जवळजवळ दीडपट मोठं होतं. तुमचा पंख गळला तो इथे. डोंगराची धार सरळ नको, 45 अंशांत तिरकी ओलांडा, परत फिरायला कमी वळावं लागतं.

येताना जास्त जपा. वारा पश्चिमेचा असला तर खाली ओढणारी हवा द्रासच्या बाजूला असते, म्हणजे परतीला ती खिंडीच्या आधीच गाठते.

धागाकर्ता :
दोघांचेही आभार. वुलरवर सात फेऱ्या मारल्या, सोळा हजार दोनशेवरून झोजीला खाली गेली, चक्क रस्त्यावरचे ट्रक बघितले! मात्र लेहला नेहमीच्याच वेगाने आलो तरी धावपट्टी संपून पुढे मातीत गेलो. तिथेही तेच, खरा वेग जास्त, बरोबर ना? आता पहाटे निघून बघतो. वजन मात्र कमी करणार नाही. उतरताना पंखांचे फ्लॅप्स (वेग कमी करायला खाली सोडायच्या फळ्या) कुठून सोडायला घ्यावेत, कुणी सांगेल का?