खंजेरीच्या भजनाला सरकार भ्यायचं?

प्रश्न (चिमूर तालुका): आमचा आजा भजन मंडळात होता. सांगायचा, बेचाळीसच्या पोळ्याले खंजेरी धानाच्या ढोलीत लपवून ठेवली होती, पोलीस गावात फिरत होते म्हणून. खंजेरी आजही घरी आहे, चामडं फाटलंय. पण भजनाला कोण कशाला भिईल? आणखी कोणत्या गाण्यांवर असं झालं?

उत्तर १ (निवृत्त गुरुजी): भ्यायचंच, बाप्पा. तुकडोजी महाराजांच्या भजनात झाडं शस्त्रं होतील, दगड बॉम्ब होतील, असे शब्द होते. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर इंग्रजांविरुद्ध पेटलं. त्याच महिन्यात महाराजांना चंद्रपुरात अटक झाली. नागपूर, मग रायपूरचा तुरुंग. भजन ऐकून माणूस उठतो, हे सरकारनं ओळखलं होतं. ते चामडं बदलू नका!

उत्तर २ (दर्यापूरकडची): आपल्या सरकारनंही केलंच की. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री केसकरांच्या काळात आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी बंद झाली, लोक रेडिओ सिलोन लावू लागले. पेटीलाही इंग्रजांच्या काळात, १९४० पासून, ते थेट १९७१ पर्यंत आकाशवाणीवर बंदी होती. आमच्या देवळात तेव्हाही भजनाला पेटीच होती, आई सांगते.

प्रश्नकर्ता: गुरुजी, आत्ताच खंजेरी खाली काढली. तीन झांजा शिल्लक आहेत. चामडं तसंच ठेवतो. आज्याला हे नागपंचमीचं विचारायचं राहूनच गेलं.