मदत हवी आहे: क्षमा केली, तर हक्काचे पैसे मागायचे की नाही?

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. मी कोल्हापूरचा, शाहूपुरीतला. उपवासकाळातली घरगुती प्रार्थनासभा येत्या शुक्रवारी आमच्याकडे आहे आणि बायबलमधल्या मत्तय 18:21-35 वर, म्हणजे येशूने क्षमेबद्दल सांगितलेल्या दाखल्यावर, मला बोलायचंय.

राजाकडून दहा हजार तालांतांच्या (तालांत म्हणजे फार मोठी रक्कम) कर्जाची माफी मिळालेला दास शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. शंभर दीनार ही काही चिल्लर नव्हे, तीन महिन्यांहून जास्त कमाई! येशूने सोबत्याचं कर्ज क्षुल्लक दाखवलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

अडचण अशी, की आमच्या वाट्याच्या उसाचं बिल धाकटे काका स्वतःकडेच ठेवतात, आणि तेही सभेला येणार. आई म्हणते, "पहिला चहा त्यांनाच दे." देऊच. देवाने माझ्यावर केलेल्या दयेपुढे राग टिकत नाही. पण बिल मागितलं तर ती क्षमा उरते का? लूक 17:3 मध्ये पश्चात्तापाची अट आहे. मत्तयात, किती वेळा क्षमा करायची असं विचारणाऱ्या पेत्र या शिष्याला येशूने दिलेल्या उत्तरात ती नाही. दोन्ही वचनं एकत्र कशी धरायची?

आणि काकांना टोमणा वाटू नये, असं बोलू कसं? पाळकांनी, वडीलधाऱ्यांनी कृपया शुक्रवारच्या आत सांगावं.