मदत हवी आहे : जुनी कॉमिक्स पोस्टानं कमी खर्चात कशी पाठवावीत?

नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईचा. काकांच्या लोखंडी पेटीतून दीडेकशे मराठी-हिंदी कॉमिक्स निघाली. ती ऑनलाइन विकतोय. ५०-६० रुपयांच्या अंकावर तेवढाच पाठवणीचा खर्च सांगितला की गिऱ्हाईक गप्प होतं.

पूर्वी बुकपोस्ट होतं, ते बंद झालं. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात गेलं. आता स्वस्त म्हणजे मे २०२५ पासूनची ज्ञान पोस्ट : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १०० रुपये, वर कर. माझी तीन कॉमिक्स पुठ्ठ्यासकट २८० ग्रॅम भरतात, म्हणजे नेमकी बसतात! पण ती सोय शैक्षणिक, धार्मिक, सांस्कृतिक पुस्तकांसाठी आहे, व्यापारी मजकुराला नाही. खोटं सांगून पाठवायचं नाही.

तुमच्यापैकी कोणी गोष्टींची पुस्तकं किंवा कॉमिक्स ज्ञान पोस्टानं पाठवलीत का? काउंटरवर काय विचारतात? नसेल चालत, तर पाच-सहा अंकांचा गठ्ठा करून स्पीड पोस्ट बरं, की साधं पार्सल?

अन् पॅकिंगचंही सांगा. मागच्या पावसाळ्यात एका अंकाचा कोपरा दुमडला, पिन गंजून पानावर तांबडा डाग उतरला. काकांनी खाकी कव्हर घालून जपलेला अंक होता, फार वाईट वाटलं.